हेड न उतरवता तुटलेला सायलेन्सरचा स्टड घरी कसा काढायचा

गाडी स्टार्ट केली की खालून फट फट असा आवाज, रेस सोडली की अजून जास्त, आणि इंजिनाच्या हेडला जिथे सायलेन्सरचा बेंड पाईप लागतो तिथे काळी काजळी धरलेली. वाकून बघितलं तर दोन नटांपैकी एकच नट जागेवर आणि दुसऱ्या जागी स्टडचं (म्हणजे हेडमधे बसवलेल्या, दोन्हीकडे आटे असलेल्या बोल्टचं) नुसतं गंजकं टोक. ज्याच्या गाडीला हे झालंय त्याला माहितीये पोटात कसा गोळा येतो, कारण पुढचं वाक्य ठरलेलंच असतं, "हेड उतरवावं लागेल". मला पण एका गॅरेजमधे हेच सांगितलं, हेड उतरवा, लेथवाल्याकडे न्या, वरची सगळी पॅकिंगं नवीन टाका, नाहीतर सरळ नवीन हेड घ्या. एका बोटाच्या पेराएवढ्या स्टडसाठी एवढं करायला मन तयार होईना म्हणून मी शनिवार रविवार अंगणात बसून तो काढला, हेड न उतरवता, आणि त्यानंतर शेजारपाजारच्या अजून तीन गाड्यांचे काढले. त्यातून जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय.

माझी गाडी १०० सीसीची, आडव्या इंजिनाची आहे. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, जुनी सीडी १०० यांचं जसं सिलेंडर जवळजवळ आडवं असतं आणि सायलेन्सर हेडला खालून लागतो, तसंच. ज्यांचं इंजिन उभं आहे त्यांचा पाईप समोरून लागतो, त्यांना जागा जास्त मिळते, बाकी सगळं काम सारखंच.

आधी हा स्टड का तुटतो ते बघू, कारण ते कळलं की काढायचा कसा ते पण अर्धं कळतं. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा. आमच्याकडे रत्नागिरीला चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा, तापलेल्या पाईपवर रस्त्यावरचं पाणी उडतं, पुन्हा तापतं, पुन्हा भिजतं. लोखंडाला गंज चढतो आणि ॲल्युमिनियमला ती पांढरी पावडर धरते. ही पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते म्हणून आट्यांमधे ठासून बसते आणि स्टड जाम होतो. मग सायलेन्सर काढायच्या वेळी नट गंजून स्टडला चिकटलेला असतो, आपण जोर लावतो, नट सुटत नाही आणि स्टडच पिळून तुटतो. म्हणजे तो जोर कमी पडल्याने नाही, जास्त लावल्याने तुटला आहे, आणि उरलेला तुकडा पण अजून जास्त जोराने निघणार नाही हे डोक्यात पक्कं करा. तो निघतो तेल, उष्णता आणि वेळ यांनी.

तुटलाय हे कळल्यावर एका नटावर गाडी पळवत राहू नका. एका बाजूला ओढ पडून फ्लँज (पाईपच्या तोंडावरची दोन भोकांची पट्टी) तिरकी बसते, गरम धूर त्या फटीतून मारा करतो, पॅकिंग जळून जातं आणि थोड्या दिवसात दुसऱ्या स्टडवर पण तेच येतं. घरापर्यंत आणा आणि उभी करा.

आता सामान. १० नंबरचा गोटी पाना आणि रिंग पाना, व्हाईस ग्रिप म्हणजे लॉक होणारी पक्कड (चांगल्या दाताची, घसरणारी नको), छोटी कानस, सेंटर पंच, हातोडी, स्पीड कमी जास्त होणारी आणि उलटी पण फिरणारी ड्रिल मशीन, एचएसएसचे म्हणजे हायस्पीड स्टीलचे नवीन ड्रिल बिट, एम६ चा (६ मिलीमीटरच्या आट्याचा) टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार आणि त्याचं हँडल, हॉट एअर गन, एक मेणबत्ती, एक लोहचुंबक आणि डोळ्यावर घालायला गॉगल. गॉगलला पर्याय नाही, कारण तुम्ही बहुतेक खालून काम करणार आणि कीस थेट डोळ्यात पडतो. बिट मात्र नवीनच घ्या, घरातल्या डब्यातला भिंतीला भोकं पाडायचा बिट इथे चालणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात बऱ्याच ठिकाणी अजून सुतात बोलतात, १ सूत म्हणजे पाव इंचाचा अर्धा, साधारण ३ मिलीमीटर, पण ह्या कामाला मिलीमीटरमधेच मागा, ३, ४, ४.५ आणि ५.

स्टड कोणत्या मापाचा आहे ते अंदाजाने ठरवू नका. तुमच्याकडे सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे शेजारचा धड असलेला स्टड. छोट्या गाड्यांना बहुतेक एम६ असतो (आट्यांचं अंतर १ मिलीमीटर), काहींना एम८ (१.२५). धड स्टडवर बाजारातला साधा एम६ नट हाताने नीट फिरतो का बघा, फिरला तर एम६. तो स्टड प्रेमाने निघाला तर काढूनच घ्या, कारण तो अजून एक मोलाची गोष्ट सांगतो, भोक किती खोल आहे ते. आत किती आटे गेले होते ते मोजून लिहून ठेवा, पुढे ड्रिल मारताना हाच आकडा तुमचं हेड वाचवणार आहे. न निघाला तर त्याच्या मागे लागू नका, एकाचे दोन होतील.

गाडीची तयारी. इंजिन पूर्ण थंड. पेट्रोलचा कॉक बंद, कार्ब्युरेटरच्या खालच्या स्क्रूने बाऊल रिकामा, टाकी काढून लांब दुसऱ्या खोलीत. टाकी काढणं म्हणजे बहुतेक गाड्यांना मागे एक बोल्ट आणि एक पाईप, दहा मिनिटांचं काम आहे, त्याचा कंटाळा करू नका कारण पुढे उष्णता द्यायची आहे आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, दिसत नाही. बीएस६ वाली गाडी असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर फ्युएल इंजेक्शनचा पाईप प्रेशरचा असतो, तो कसा सोडायचा ते माहीत असल्याशिवाय हात लावू नका, आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर आधी कपलरमधून सोडा नाहीतर सायलेन्सर ओढताना ती तुटेल. मग सायलेन्सर काढा, पुढे एक नट (जो शिल्लक आहे तो) आणि मागे फूटरेस्टजवळचा बोल्ट. उघडायचं ते एवढंच. टाकी, सायलेन्सर, आणि आडवा येत असेल तर लेगगार्ड.

शिल्लक नट काढताना पण तीच काळजी, आधी तेल, रात्रभर थांबा, मग पाना. पान्याला हिसका नाही, आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबा, कट्ट असा आवाज येतो, मग सोडवा.

आता खालून काम कसं करायचं. आडव्या इंजिनाची अडचण ही की तुटकं टोक जमिनीकडे तोंड करून असतं आणि गाडी मधल्या स्टँडवर लावली तरी इंजिनाखाली वीतभर जागा मिळते, त्यात ड्रिल मशीन मावत नाही. मी गाडी दोन जुन्या टायरवर आडवी झोपवली. बॅटरी काढली (ॲसिडवाली असेल तर सांडते), इंजिन ऑईल काढून घेतलं, तसंही बदलायचं झालं होतं. गाडी झोपली की एक्झॉस्टचं तोंड बाजूला येतं, मग समोर पाटावर बसून निवांत काम करता येतं, हात पण स्थिर राहतो. एकट्याने झोपवू नका, एक माणूस मदतीला घ्या.

झोपवायच्या आधी एक काम विसरू नका. प्लग काढून किक हळूहळू हाताने फिरवा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून आतला वॉल्व्ह बघा, तो पूर्ण बंद दिसेल अशा जागी इंजिन थांबवा, प्लग परत लावा. मग भोकात सुती फडक्याचा बोळा घट्ट बसवा आणि त्याला एक दोरा बांधून शेपूट बाहेर ठेवा. लोखंडाचा कीस आत गेला आणि वॉल्व्हच्या सीटवर बसला तर मग खरंच हेड उतरवावं लागेल.

तेल. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं, चालतं, पण त्यापेक्षा खास जाम आटे सोडवायचा स्प्रे मिळाला तर उत्तम. आमचे जुने मेकॅनिक रॉकेल आणि ऑईल मिसळून वापरायचे, आता रॉकेल कुठे मिळतंय, डिझेल पण बऱ्यापैकी काम करतं. काय वापरताय यापेक्षा ते तिथे किती वेळ राहतंय हे जास्त महत्त्वाचं. टोक खाली असेल तर तेल गळून जातं, म्हणून त्याच्याभोवती कापसाची वात गुंडाळा, तेलाने भिजवा आणि वरून प्लास्टिकचा तुकडा बांधून रात्रभर ठेवा. सकाळी परत भिजवा. मधून मधून हातोडीने टोकावर हलके टक टक, ठोकायचं नाही, टिचक्या मारल्यासारखं. त्या कंपनाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत सरकतं. मी शुक्रवारी रात्री हे सुरू केलं आणि शनिवारी दुपारपर्यंत पाना हातात घेतला नाही.

उष्णता का द्यायची ते सांगतो. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे हेड गरम झालं की भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं, फरक केसापेक्षाही बारीक असतो पण अडकलेली पावडर ढिली व्हायला तेवढा पुरतो. म्हणून गरम करायचं ते हेड, स्टडच्या आजूबाजूचा भाग, स्टड नाही. हॉट एअर गन लावा, पाच सात मिनिटं फिरवत फिरवत, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला की पुरे. गॅसवेल्डिंगची ज्योत अजिबात नको, ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि लोखंडासारखं लाल होऊन इशारा पण देत नाही, सरळ बसतं. आणि तापवण्याच्या आधी सगळं तेल, कापूस, प्लास्टिक पुसून काढून टाका, तेलाच्या स्प्रेने भिजलेल्या जागी उष्णता देणं धोक्याचं आहे, स्प्रेचा डबा पण लांब ठेवा. वाळूची बादली हाताशी असू द्या.

गरम झाल्यावर मेणबत्ती. पेटवायची नाही, तिचं टोक स्टडच्या मुळाशी टेकवायचं, मेण पातळ होऊन आट्यांमधे शोषलं जातं, टोक खाली असलं तरी वर चढतं. हा उपाय मला एका लेथवाल्या काकांनी सांगितला, आधी विश्वास बसला नाही पण चारपैकी दोन स्टड मला यानेच मिळाले. गरम करा, मेण लावा, थंड होऊ द्या, परत गरम, असं तीन चार वेळा करा. ह्यात जेवढा वेळ घालाल तेवढी पुढची कटकट वाचेल.

आता प्रत्यक्ष काढणं, आणि इथे तुमचं नशीब बघायचं की टोक किती बाहेर आहे.

टोक ५-६ मिलीमीटर तरी बाहेर असेल तर तुम्ही भाग्यवान. कानसीने त्याच्या दोन बाजू सपाट करा म्हणजे व्हाईस ग्रिपला धरायला जागा होते, गोल गंजक्या टोकावर पक्कड घसरली की टोक सोलवटून जातं आणि मग धरायला काही उरत नाही. व्हाईस ग्रिप जेवढी घट्ट लॉक होईल तेवढी करा, हेड गरम असतानाच, आणि आधी आवळायच्या दिशेने अगदी थोडं, मग सोडायच्या दिशेने, परत आवळायच्या. एकदा का केसभर हलला की जिंकलात, पण इथेच लोक घाई करतात आणि सरळ फिरवत सुटतात. पाव आटा बाहेर, थोडा आत, तेल, परत पाव आटा. आट्यातली घाण तेलाबरोबर बाहेर येऊ द्या. किर्र किर्र आवाज करत निघतो तो चांगला, रबरासारखा लवचिक वाटायला लागला म्हणजे पिळला जातोय, लगेच थांबा आणि परत उष्णतेकडे या.

दिशेचा घोळ पण होतो. गाडी झोपलेली, आपण उलटे बसलेलो, त्यामुळे स्टडच्या टोकाकडे समोरून बघितल्यावर घड्याळाच्या उलटी दिशा म्हणजे सोडायची, असा बाण मार्करने हेडवर काढूनच ठेवा. माझ्या शेजाऱ्याने अर्धा तास उलट्या बाजूला जोर लावला होता.

आटे बरे असतील तर दोन नट एकमेकांवर आवळून, आतल्या नटाला पाना लावून पण निघतो, पण गंजलेल्या टोकावर हे क्वचित जमतं. टोक अगदीच छोटं असेल, दोन तीन मिलीमीटर, तर वेल्डिंग हा सगळ्यात भारी उपाय आहे. टोकावर एक मोठा नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरायचं. ह्यात नट जोडला जातो हे एक, पण खरा फायदा हा की स्टड आतून लालबुंद तापतो, आणि थंड होताना आकसतो त्याने गंजाची पकड सुटते. दोन मिनिटं थांबून, अजून गरम असतानाच पाना लावून तेच पुढे मागे. बॅटरी काढलेली हवी, सीडीआय किंवा ईसीयूचा (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सचा) कपलर सोडलेला हवा आणि अर्थिंगचा चिमटा हेडलाच जवळ लावायचा, चेसीला लांब कुठेतरी नाही. घरी मशीन नसेल तर वेल्डिंगवाल्याला घरी बोलवा, ग्रिल बनवणारे पोर्टेबल मशीन घेऊन येतात. फक्त त्याला आधी एखाद्या टाकाऊ बोल्टवर करून दाखवायला सांगा.

टोक हेडच्या बरोबरीला तुटलंय किंवा आत गेलंय, मग ड्रिल. माझं हेच झालं होतं.

सगळं काम मध्यबिंदूवर अवलंबून आहे. एम६ स्टडचा गाभा म्हणजे आट्यांच्या आतला भाग ४.८ मिलीमीटरच्या आसपास असतो. तुमचं भोक मधोमध असेल तर ४.५ पर्यंत ड्रिल करून सुद्धा हेडचे आटे शाबूत राहतात, अर्धा मिलीमीटर जरी बाजूला गेलात तरी बिट ॲल्युमिनियमला खातो, आणि ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा मऊ म्हणून बिट एकदा तिकडे झुकला की तिकडेच पळतो. नुसत्या डोळ्याने पंच मारून मला पहिल्यांदा नीट जमलं नाही, पंच किंचित बाजूला बसला, म्हणून मी थांबलो आणि लेथवर जाऊन एक बुश करून आणला. ही ह्या सगळ्या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे असं मला वाटतं. सायलेन्सरच्या पाईपची जी फ्लँज असते तिला दोन भोकं असतात, एका भोकातून धड स्टड जातो (काढला असेल तर परत बसवा), दुसरं भोक बरोबर तुटक्या स्टडच्या समोर येतं. त्या दुसऱ्या भोकात घट्ट बसेल असा लोखंडी गोल बुश करायचा आणि त्याच्या बरोबर मधे ३ मिलीमीटरचं आरपार भोक. धड स्टडकडे पण भोकात जागा सुटलेली असते, तिथे पातळ पत्र्याची गुंडाळी घालून ती फट भरायची नाहीतर फ्लँज सरकते. फ्लँज पाईपवर सुटी फिरणारी असेल तर अजून सोपं. ती जागेवर बसवून नट आवळला की बुश आपोआप स्टडच्या मधोमध येतो आणि बिट हलूच शकत नाही, सरळ पण राहतो, तिरका जात नाही. लेथवाल्याने दहा मिनिटात करून दिला, आणि तो अजून माझ्याकडे जपून ठेवलाय, पुढे पण तोच कामी आला.

बुश करायच्या आधी तुटलेलं तोंड सपाट आहे का बघा. तिरकं तुटलेलं असेल तर बिट उतारावरून घसरतो, म्हणून छोट्या कानसीने किंवा हँड ग्राइंडरच्या बारीक दगडाने ते सपाट करा. शक्य असेल तर पंच पण बुशमधूनच मारा.

मग ३ चा बिट, त्यावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण (मघाशी मोजलेली खोली, त्यातून १ मिलीमीटर कमी), कमी स्पीड, दर दोन तीन मिलीमीटरला बाहेर काढून कीस झटका आणि तेलाचा थेंब टाका. दाब सरळ आणि सारखा. बिट किंचाळायला लागला तर तो कापत नाहीये, घासतोय, आणि घासला की लोखंड अजून कडक होतं, बिट बदला. डाव्या हाताचा म्हणजे उलटा कापणारा बिट मिळाला तर तोच वापरा, मशीन उलटी चालवायची, कारण मग ड्रिलचा जोरच स्टडला सोडवायच्या दिशेने लागतो आणि कधीकधी ड्रिल मारता मारताच तुकडा फिरत बाहेर येतो. मोठ्या शहरात टूल्सच्या दुकानात मिळतो, आमच्याकडे नाही मिळाला, मागवून घेतला.

कीस बघत रहा. स्टडला आधी चुंबक लावून बघितलेलं असेल आणि तो चिकटला असेल, तर ड्रिलचा कीस पण चुंबकाला चिकटला पाहिजे. कीस पांढरा चकचकीत यायला लागला आणि चुंबक त्याला ओढत नसेल तर तुम्ही हेड कापताय. तिथल्या तिथे थांबा.

३ नंतर ४, नंतर ४.५. आता फक्त आट्यांची पातळ नळी उरलेली असते. परत गरम करा, तेल द्या, आणि टोकदार टोच्याने तिची एक कड आतल्या बाजूला वाकवा. नळीचा ताण गेला की ती कोसळते आणि स्प्रिंगसारखी कडं निघायला लागतात, पातळ टोकाच्या पकडीने ओढून काढा. ते बाहेर येताना बघितल्यावर जो आनंद होतो तो मी सांगू शकत नाही, मी बायकोला हाक मारून दाखवलं होतं.

ईझी आऊटबद्दल माझं मत स्पष्ट आहे, एम६ च्या गंजलेल्या स्टडला वापरू नका. भोकात उलट्या पिळाचा कडक रॉड अडकवून फिरवायचा ही कल्पना छान आहे, पण जो स्टड पूर्ण ६ मिलीमीटरचा असताना पिळून तुटला तो त्याच्या आत बसवलेल्या बारीक रॉडने कसा सुटेल. तो रॉड इतका कडक असतो की मोडला तर साधा बिट त्याच्यावर चालत नाही, आणि तो हमखास मोडतो. मग एमआयडीसीत कुणाकडे तरी स्पार्क मशीन (विजेच्या ठिणगीने धातू खाणारं) शोधायला लागतं आणि त्यासाठी हेड उतरवावंच लागतं. एम८ च्या पुढे, तेल उष्णता सगळं झाल्यावर, हाताच्या अंदाजाने वापरायचं तर वापरा.

तुकडा निघाला की भोकात आधी हवा मारा, सायकलचा पंप चालतो. मग एम६ चा टॅप तेल लावून, पूर्ण हाताने, सरळ, अर्धा आटा पुढे पाव आटा मागे. हे नवीन आटे पाडणं नाही, जुने साफ करणं आहे, त्यामुळे टॅप पहिले दोन आटे बोटांनीच फिरला पाहिजे. नाही फिरला तर तिरका लागलाय. नवीन एम६ आटे पाडायचे तर ५ चं भोक लागतं, म्हणून तो बिट जवळ ठेवायला सांगितला, पण इथे त्याची गरज पडली नाही तर बरंच.

आणि ड्रिल बाजूला गेलंच, आटे खराब झालेच, तरी हेड गेलं असं समजू नका. हेलिकॉइल नावाची स्टीलच्या तारेची आट्याची स्प्रिंग मिळते, किटमधे तिचा टॅप, मापाचा बिट, बसवायचं हत्यार सगळं येतं. भोक थोडं मोठं करून त्यात हा नवा आटा बसतो आणि तो मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यापेक्षा मजबूत असतो. दुसरा उपाय लेथवर एका बाजूला एम८ आणि दुसऱ्या बाजूला एम६ असा स्टड करून घेणं, फक्त त्याआधी बघा की भोकाच्या भोवती एवढं मांस शिल्लक आहे, एक्झॉस्टच्या तोंडाकडची भिंत काही हेडना फार पातळ असते.

नवीन स्टड बसवताना दोन्ही बदला, एक जुना ठेवू नका (तो काल निघायला तयार नव्हता तर आज गरम करून, मेण लावून बघा, धड टोक असल्याने तो बहुतेक निघतो). आत जाणाऱ्या आट्यांना कॉपर ग्रीस लावा. साधं ग्रीस एक्झॉस्टच्या उष्णतेने जळून कोळसा होतं आणि उलट चिकटतं, तांब्याचं टिकतं. दोन नट एकमेकांवर आवळून स्टड आत फिरवा, तळाला टेकला की थांबा, तळावर आवळू नका. पॅकिंगची रिंग नवीनच टाका, जुनी एकदा दबली की परत सील करत नाही. आणि बोळा दोऱ्याने ओढून काढलात ना, ते बघा.

पाईप बसवा, आधी मागचा बोल्ट ढिला ठेवा, पुढचे दोन्ही नट हाताने टेकवा, मग आळीपाळीने पाव पाव फेरा, फ्लँज दोन्हीकडे सारखी बसतेय का बघत. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी, नाहीतर सायलेन्सरचं वजन स्टडला वाकडं ओढतं. एम६ ला १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं. टॉर्क पाना नसेल तर असं समजा, पान्यावर नटापासून १० सेंटीमीटरवर धरून साधारण १० किलोचा दाब. लांब पान्याच्या टोकाला पूर्ण हाताने जोर लावला की सहज तिप्पट चौपट होतो आणि नवीन स्टड पण तुटतो, म्हणून पाना आखूड धरा.

गाडी उभी करा, बॅटरी, टाकी, सोडलेला कपलर, आणि सगळ्यात आधी इंजिन ऑईल भरून डिपस्टिकने बघा. प्लग काढून स्विच बंद ठेवून आठ दहा किका मारा म्हणजे झोपवल्यामुळे सिलेंडरमधे ऑईल उतरलं असेल तर बाहेर पडेल. मग प्लग लावून स्टार्ट. थोडा वेळ धूर येईल, तो पाईपवर सांडलेल्या तेलाचा आणि मेणाचा असतो, जळून जातो. जोडावर साबणाचं पाणी टाकून बघायचं ते इंजिन अजून थंड आहे तेव्हाच, पहिल्या अर्ध्या मिनिटात, बुडबुडे आले तर गळती आहे. पाच दहा किलोमीटर फिरवून आणा, पूर्ण थंड होऊ द्या, नट परत तपासा, पॅकिंग दबल्यामुळे ते किंचित ढिले झालेले असतात.

एक सांगतो, ही पद्धत बाहेरच्या बोल्टांची आहे. सायलेन्सरचे स्टड, क्लच आणि मॅग्नेट कव्हरचे एम६ बोल्ट, कार्ब्युरेटरच्या मॅनिफोल्डचे बोल्ट, यांना चालते, आणि कव्हरचे बोल्ट तर जास्त सोपे कारण कव्हर काढलं की टोक बरंच बाहेर राहतं. हेडचे मुख्य स्टड, किंवा इंजिनाच्या आतलं काही, ते घरी अंगणात करू नका.

मी आता दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, ते दोन नट एकदा सोडून, कॉपर ग्रीस लावून परत आवळतो, पंधरा मिनिटं लागतात. यंदा सोडले तेव्हा पाना लावून पहिला कट्ट झाला आणि पुढे दोन्ही नट बोटांनी फिरत बाहेर आले.